कोणाच्या ड्युटीत?

टेमघर गावात मनोजच्या घराची एक ख्याती आहे. त्या घरात आजवर एकाही मिस्त्रीने कामासाठी पाऊल ठेवलेलं नाही. पंखा थांबो, मिक्सर मान टाको, गीझर शॉक देवो, मनोज आधी सगळ्यांना हाताने गप्प बसायची खूण करणार, मेन स्विच पाडणार आणि पत्र्याच्या डब्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढणार. वस्तू दुरुस्त व्हायची. म्हणजे बहुतेक वेळा व्हायची. त्याची बायको नेत्रा म्हणायची, "आमच्याकडे बिघडलेली वस्तू घराबाहेर जात नाही, आणि चांगली वस्तू सुखाने जगत नाही." पण शेजारणींना हे सांगताना तिच्या आवाजात कौतुकही असायचं.

हे वेड बापाकडून आलेलं. बाप काळूराम हा भातशेती करणारा आगरी माणूस. शेतीत राम उरला नाही तेव्हा त्याने घरामागे पत्र्याची शेड ठोकली आणि कापड विणायचे जुने लूम आणून बसवले. मनोज त्या खडखडाटात लहानाचा मोठा झाला. अभ्यास त्या आवाजात केला, झोपाही त्याच आवाजात काढल्या, आणि लाईट जाऊन लूम थांबले की शांततेने दचकून जागा व्हायचा. लूमच्या घरातला माणूस हळू बोलायला शिकतच नाही. आज शेड नाही, लूम नाहीत, तरी मनोज जेवताना मीठ मागतो ते चार घरं पलीकडे कळतं.

त्या शेडमध्ये काळूरामचा एक रिवाज होता. कापडाच्या ताक्यात फॉल्ट दिसला, मग तो तेलाचा डाग असो की धागे तुटून पडलेलं भोक, काळूराम लूमकडे बघायच्या आधी माणसांकडे बघायचा. "किसकी ड्युटी में हुआ?" दिवसपाळीवाला रातपाळीवाल्याकडे बोट दाखवायचा, रातपाळीवाला दिवसपाळीवाल्याकडे. काळूराम ताका उलगडत बसायचा, पाळी कुठे बदलली ते कापडावर शोधायचा आणि माणूस पकडायचाच. माणूस सापडला की त्याचा जीव थंड व्हायचा. लूमचं काय ते नंतर. त्याच्या बायकोला, धोंडूबाईला, हे कधी पटलं नाही. "आधी लूम सुधारा, मानूस मंग शोधा," ती म्हणायची. त्यावर काळूराम म्हणायचा, तुला धंद्यातलं कळत नाही.

धोंडूबाईचा रिवाज वेगळा होता. लूमचं पोट एकदा उघडलं, एखादा पार्ट बदलला, की पुन्हा सुरू करायच्या आधी तिची पूजा. हळद-कुंकू लावायचं ते जिथून लूम सुरू होतो त्या हँडलवरच. वर अक्षता. मग दोन्ही तळवे लूमवर दाबून डोळे मिटायचे. उघडलेलं यंत्र पूजेशिवाय चालू केलं तर ते माणसाचा हात मागतं, असं ती मानायची, आणि हाताची बोटं गेलेली माणसं तिने आजूबाजूच्या शेडमध्ये पाहिली होती, त्यामुळे तिला कोणी हसलं नाही. यूपी-बिहारकडचे कारागीर, त्यांतले मुसलमान कारागीरसुद्धा, तिचं आटोपेपर्यंत बाजूला उभे राहायचे. "अम्मा का हो जाने दो," म्हणायचे.

पुढे धंदा बसला, काळूराम गेला, लूम भंगारात गेले. भंगारवाल्याचा टेम्पो भरत होता तेव्हा धोंडूबाईने त्यातला एक धोटा उचलून घेतला. लूमवर आडवा धागा घेऊन धावतो तो धोटा, शिसवी लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडाच्या टोप्या असलेला. तो तिने देव्हाऱ्यात एकवीरेच्या फोटोशेजारी ठेवला. मनोज पडघ्याच्या रस्त्याला एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. बापाचा धोटा आईने ठेवून घेतला आणि बापाचा प्रश्न मनोजने. गोदामात खोका फुटलेला दिसला की तो पहिल्यांदा विचारतो, "कोणाच्या ड्युटीत?" आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत गाडी हलत नाही. तिथे या गुणाला मान आहे.

मेघाली ही त्याची एकुलती एक मुलगी. आजोबांनी कापड विणलं, नात कापडाची नक्षी काढायला शिकली, डिप्लोमा केला. तिचा लॅपटॉप जुना होता आणि म्हाताऱ्या बैलासारखा चालायचा. एखादं डिझाइन उघडायला सांगावं आणि आपण चहा टाकून यावं. दसऱ्याच्या आधी तिला मुंबईच्या एका डिझाइन ऑफिसातून बोलावणं आलं. बोलावणं म्हणजे ऑनलाइन. सोमवारी त्यांना स्क्रीनवर आपलं काम दाखवायचं, आणि ते सांगतील तसा बदल त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचा. या बैलावर बसून ते होणार नव्हतं. लॅपटॉप बाजारातल्या एका दुकानात देऊन त्याची रॅम आणि डिस्क बदलून घ्यायची, असं तिने ठरवलं आणि ते आईला सांगितलं. चूक एवढीच झाली की बाप घरात होता.

"दुकानात? आणि मी काय मेलोय?"

"पप्पा, तो मिक्सर नाहीये."

"मिक्सरपेक्षा सोपा हाय. मिक्सरमध्ये फिरणारा काय तरी असतं. ह्याच्यात काहीच फिरत न्हाय."

त्याचं बोलणं अगदीच पोकळ नव्हतं. त्याने गोदामातून आल्यावर रोज संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. सामान आणलं. आतला सगळा माल आधी केबल लावून नव्या डिस्कवर उतरवून घेतला. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पलंगावर पांढरी चादर पसरली, स्क्रूसाठी चहाची बशी घेतली आणि लॅपटॉप पालथा घातला. मेघाली दारात उभी राहून नखं खात होती. धोंडूबाई मात्र पाट ओढून जवळ बसली. शेड गेल्यापासून घरात यंत्र उघडलं की ती अशीच येऊन बसायची.

"याचा हँडल कुठला रं?"

मनोजने लॅपटॉप क्षणभर सरळ करून झाकण उघडलं. "हँडल न्हाय आई, खटका. हा बघ, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर. हा दाबला की चालू."

"इथूनच चालू होतो?"

"इथूनच."

तिने मान हलवली. मनोजने बॅटरीची पिन काढली, जुनी डिस्क काढली, नवी बसवली, रॅमची पट्टी तिरकी घालून टिचकन खाली दाबली. झाकण लावलं, खटका दाबला. लॅपटॉप डोळा मिटून उघडावा तसा चालू झाला. मेघालीने सगळ्यात जड डिझाइन उघडून पाहिलं. तेही झटक्यात उघडलं. "पप्पा, भारी," ती म्हणाली. बारावीनंतर ती बापाला भारी म्हणाली नव्हती. मनोजने ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि बशी उचलली. बशीत एक स्क्रू उरला होता. तो त्याने कोणाला न दिसेल असा खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मनोजने गाडी धुतली, गाडीला हार घातला आणि सोनं द्यायला भावकीत निघून गेला. नेत्रा स्वयंपाकात होती. दुपारी तो परतल्यावर सगळी जेवली, आणि हात धुऊन मेघालीने लॅपटॉप उघडला.

तिने झाकण मिटून पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाली, "पप्पा, इकडे या."

स्क्रीनवर वरून खाली रंगीत रेघा उतरल्या होत्या. हिरव्या, जांभळ्या, मध्येच पांढऱ्या. डावीकडचा भाग धुरकट होऊन फडफडत होता आणि रेघांच्या मागे तिचं डिझाइन जाळीआडच्या माणसासारखं दिसत होतं. मनोजचा हात आपोआप खिशाकडे गेला. तो स्क्रू कालच्या पँटमध्ये होता.

"बंद करून चालू कर."

तिने केलं. रेघा तशाच. कंपनीचं नाव येतं त्या पहिल्या क्षणीही होत्या, म्हणजे आतल्या प्रोग्रामचा दोष नव्हता. मनोजने पुन्हा चादर पसरली. या वेळी पाट ओढून धोंडूबाई बसली तेव्हा तो तिच्याशी बोलला नाही. बॅटरी सोडवून त्याने खटका बराच वेळ दाबून धरला, व्हिडिओत सांगतात तसा. नवी रॅम काढून जुनी एकटी ठेवली. मग नवी एकटी ठेवली. पट्टीची सोनेरी टोकं खोडरबराने पुसली. नवी डिस्क काढून जुनी परत बसवली, लॅपटॉप पुन्हा म्हाताऱ्या बैलासारखा उठला, पण रेघा अंगावर घेऊनच उठला. पँट धुवायच्या बादलीतून शोधून तो उरलेला स्क्रूही त्याने त्याच्या जागी बसवला, आणि तो बसवताना मेघालीने पाहिला.

"हा काल राहिला होता?"

मनोज तो स्क्रू आवळत राहिला.

"पप्पा, हा काल राहिला होता का?"

"एका स्क्रूने स्क्रीन जात न्हाय," तो ओरडला. त्याला ओरडायचं नव्हतं, पण त्याच्याकडे दुसरा आवाज नव्हता.

धोंडूबाई म्हणाली, "पोरी, त्याच्या हातून न्हाय बिघडायचा. त्याचा हात त्याच्या बापासचा हाय." मेघालीने आजीकडे पाहिलं आणि खोलीत निघून गेली. सणाचा दिवस; दारचं तोरण वाऱ्यावर हलत होतं आणि आत चार माणसं चार दिशांना तोंड करून बसली होती.

रविवारी त्याने टीव्हीची केबल काढून लॅपटॉपला लावली. टीव्हीवर चित्र स्वच्छ उमटलं, एक रेघ नाही. म्हणजे रॅम ठीक, डिस्क ठीक, चित्र तयार करणारं आतलं सगळं ठीक. गेली ती फक्त काच, नाहीतर काचेकडे जाणारी केबल. त्याने स्क्रीनभोवतीची पट्टी उचकटून ती केबलही पाहिली. कागदासारखी पातळ केबल, आपल्या जागी गच्च बसलेली. काढून लावली. रेघा गेल्या नाहीत.

पण निदान सोमवारचं काम अडणार नव्हतं. सोमवारी त्याने रजा टाकली. हॉलमध्ये टीव्हीसमोर टेबल मांडलं, नेत्राने कुकर लावला नाही, धोंडूबाईने देवासमोरची घंटीसुद्धा उचलून ठेवली. मेघाली मान वर करून टीव्हीकडे बघत आणि हात खाली कीबोर्डवर ठेवून काम दाखवत होती. ऑफिसातल्या बाईंनी फुलाची पाकळी रुंद करायला सांगितली, तिने केली. रंग बदलायला सांगितला, बदलला. लॅपटॉप एकदाही अडखळला नाही. नवी रॅम, नवी डिस्क धावत होती. बाई शेवटी हसून म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून येऊ शकाल ना?

नेत्राने तिथेच साखर आणली. मनोज स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. आता पोरगी म्हणेल, तुमच्या रॅममुळे झालं, असं त्याला वाटलं. मेघाली केबल गुंडाळत होती. ती रागाने बोलली नाही, थकून बोलली.

"पप्पा, एक सांगू? यापुढे माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावू नका, प्लीज."

आणि मैत्रिणीला सांगायला बाहेर गेली.

बापाला पोरीने असं म्हणावं, यात जगबुडी काही नाही. घरोघरी मुली म्हणतात. पण मनोजजवळ दुसरं होतं काय? शिक्षण बेताचं, जमिनीचा तुकडा गोदामवाल्यांच्या रस्त्यात गेलेला, बोलणं असं की चार माणसांत नेत्रा त्याचा शर्ट ओढून आवाज कमी करायला लावायची. त्याच्याजवळ हात होते. हाताला यश आहे, एवढं एक सगळं गाव म्हणायचं, आणि पोरगीही लहानपणी मोडकी बाहुली घेऊन त्याच्याचकडे यायची. आता तिने ते हातच नको म्हटले होते.

काम झालं होतं. नोकरी मिळाली होती. नवी काच कधीही बसवता आली असती. शहाण्या माणसाने इथे थांबायचं असतं. पण जित्याची खोड! मनोजला लूम सुधारायचा नव्हता, माणूस शोधायचा होता. आपल्या ड्युटीत हे झालेलं नाही, हे त्याला कापडावर दाखवून द्यायचं होतं.

तो लॅपटॉप घेऊन खिडकीशी बसला. बाप ताक्यातला फॉल्ट कसा बघायचा ते त्याला आठवलं. कापड समोर धरून दोष दिसत नाही. उजेडात तिरकं धरावं लागतं. त्याने बंद स्क्रीन खिडकीच्या उजेडात तिरकी केली, मोबाईलचा टॉर्च लावला आणि खालच्या कडेवरून नजर सरकवत नेली. डाव्या कोपऱ्याजवळ, अगदी कडेला, सुईने टोचावं एवढा ठिपका होता. बोटाला न लागणारा. स्क्रीन चालू केली, तर सगळ्या रेघा त्या ठिपक्याच्या वरूनच निघत होत्या. कोणीतरी आतून नव्हे, बाहेरून, काहीतरी बारीक दाबलं होतं.

त्याने झाकण हळूच मिटत आणलं. तो ठिपका जिथे टेकत होता तिथे वरच्या पट्टीवर खटका होता. खटक्याच्या फटीत काहीतरी पिवळट दिसलं. त्याने लॅपटॉप पालथा करून चादरीवर ठोकला. कीबोर्डमधून थोडी धूळ पडली, आणि तांदळाचा अर्धा दाणा पडला. एका बाजूने हळदीचा पिवळा, एका बाजूने कुंकवाचा लाल.

त्याच क्षणी त्याला सगळं कळलं असणार. कळल्यावर तो दाणा चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकता आला असता. पण त्याच्या मनात तेव्हा आई आलीच नाही. मनात आलं एवढंच, की मी सुटलो.

"या सगळी इकडं," तो ओरडला. "मेघाली, आत ये. नेत्रा."

मेघाली फोन कानाला लावूनच आली. नेत्रा हात पुसत आली. धोंडूबाई देवघराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"मी लॅपटॉप तुझ्या हातात दिला तेव्हा स्क्रीन चांगली होती ना? तू पाहिलीस ना?"

"हो, पण..."

"पण न्हाय. चांगली होती. रात्री तू बंद करून टेबलावर ठेवलास. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलास. सकाळी मी घरात नव्हतो." त्याने तळहात पुढे केला. तळहातावर तो दाणा होता. "मग हा आत कसा गेला? मधल्या वेळात हा लॅपटॉप कोणाच्या ड्युटीत होता?"

नेत्राला दाण्याचा रंग दिसला. तिने डोळे मोठे करून त्याला खुणावलं, मानही हलवली. गोदामातल्या माणसासारखा तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.

"माझ्या," धोंडूबाई म्हणाली.

मेघालीने कानाचा फोन खाली घेतला.

"माझ्या ड्युटीत हुता. मी लावला हळद-कुंकू. तूच सांगतला ना, इथूनच चालू होतो. उघडलेला यंत्र तसाच चालू करायचा नसतो, म्हनून खटक्यावर लावला. अक्षता ठेवल्या. झाकन लावून पाया परले." तिने दोन्ही तळवे हवेत ठेवून दाखवले, लूमवर ठेवायची तसे. "पोरीला नोकरी लागू दे म्हनले. मंग ती रागवेल म्हनून पदरान पुसून घेतला. एक दाना राहिला असंल." ती जरा पुढे आली आणि मुलाच्या तळहातात वाकून बघितलं. "एवढ्याशा तांदळान मोडला? लूमवर मूठभर टाकायची मी."

इथेही थांबता आलं असतं. मनोज म्हणाला, "मग बघा. माझ्या हातून झालाच न्हाय. हिच्या हातून झाला."

तो मेघालीला सांगत होता. पण आवाज लूमच्या घरातला. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानेही ऐकला असेल.

मेघाली आजीजवळ गेली. "आजी, विचारायचं तरी मला," ती म्हणाली, फार हळू, आणि मग बापाकडे वळून म्हणाली, "सॉरी पप्पा."

जे हवं होतं ते मनोजला मिळालं. धोंडूबाईने उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसला. त्याला काही लागलेलं नव्हतं, तरी ती बराच वेळ पुसत राहिली. मग देवघरात जाऊन बसली.

रात्री नेत्राने एवढंच विचारलं, "मिळाला ना माणूस? झोप आता." आणि कूस बदलली.

आठवडाभरात नवी काच आली. मनोज ती बसवून घ्यायची दुकानात चौकशी करायला निघाला होता, पण मेघालीनेच लॅपटॉप आणून त्याच्यासमोर ठेवला. "तुम्हीच बसवा," म्हणाली. त्याने बसवली. नीट बसली, एकही स्क्रू उरला नाही. फक्त काम चालू असताना जवळ पाट ओढल्याचा आवाज आला नाही. त्याने दोनदा मान वर करून बघितलं. आई ओसरीवर बसून मेथी निवडत होती.

"आई, ये ना. बघ कशी बसवतोय."

"बसव तू. मी हाय इथं."

त्यानंतर तिचं विचारणं सुरू झालं. आधी कोणाच्या लक्षातही आलं नाही. "मिक्सरला हात लावू का?" चटणी वाटायच्या आधी. "टीव्ही बंद करू का मी, का तू करतस?" फ्रिजचं दार उघडायच्या आधी ती नेत्राला हाक मारायची. गीझरचं बटण दाबायची नाही. थंड पाण्याने आंघोळ करायची, आणि विचारलं तर म्हणायची, मला गार बरा वाटतो. मनोज म्हणायचा, "आई, लाव की हात. तुझंच घर हाय." ती हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मनोजला भांडता आलं असतं. नव्या यंत्रांचं आपल्याला कळत नाही, एवढ्याशा दाण्यानेही काही मोडतं, हे तिने मनापासून मान्य करून टाकलं होतं.

लक्ष्मीपूजनाला मेघालीने मुद्दाम लॅपटॉप पाटावर ठेवला. "आजी, लाव कुंकू. वरून लाव, झाकणाला." धोंडूबाईने उंबऱ्याशी उभं राहून लांबूनच हात जोडले. हात पदरात गुंडाळलेले होते.

मनोजने माफी मागितली का? तसं विचाराल तर मागितली. पण त्याला आवाज लहान करता येत नाही, आणि माफी मोठ्याने मागितली की ती भांडणासारखी ऐकू येते. "अगं मी तसा म्हनलो न्हाय," असं तो दोन-तीनदा म्हणाला. ती म्हणाली, "तू बरोबरच बोललास. माझ्याच ड्युटीत हुता." गोदामात मात्र एक फरक पडला. खोका फुटलेला दिसला की तो आता आधी खोका बांधायला सांगतो. हमाल एकमेकांकडे बघतात, साहेबांना काय झालं म्हणतात.

वर्ष सरलं. मेघाली नोकरीत रुळली, तिने दसऱ्याला आजीसाठी साडी आणली. सकाळी मनोजने गाडी धुतली, हार घातला. भावकीत निघायच्या आधी देवाला नमस्कार करावा म्हणून तो आत गेला.

धोंडूबाई देव्हाऱ्यासमोर नवी साडी नेसून बसली होती. पुढ्यात ताम्हन, ताम्हनात हळद-कुंकू आणि अक्षता. तिने धोटा खाली उतरवून पाटावर ठेवला होता. मनोजने तो धोटा लहानपणापासून पाहिला होता. लूमवरून सुटून तो एकदा भिंतीवर आदळला होता, भिंतीचा पोपडा निघाला होता आणि धोट्याला ओरखडासुद्धा आला नव्हता. त्याच्यावर गाडी घातली तरी तो मोडला नसता. दर दसऱ्याला ती त्याला कुंकू लावायची, कोणाला न विचारता, शेड गेल्यापासून दर वर्षी.

तिचा अंगठा कुंकवात बुडालेला होता आणि धोट्याच्या वर थांबला होता. किती वेळ थांबला होता कोणास ठाऊक. पावलांचा आवाज ऐकून तिने मागे पाहिलं.

"मनोज," ती म्हणाली, "याला लावू का रं?"

मनोज तिच्या शेजारी खाली बसला, तिचं मनगट धरलं आणि तो अंगठा धोट्यावर टेकवला.